जुन्या गाडीला रबराऐवजी चामड्याचं सील किंवा बूट बसवलं तर चालेल का?

चालेल. कुणी याला जुगाड म्हणालं तर ऐकून घेऊ नका. सिंथेटिक रबर रुळायच्या आधी ऑइल सीलं (फिरत्या शाफ्टभोवतून तेल गळू न देणारी कडी) चामड्याचीच असत आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर ग्रीस भरून चामड्याचं कव्हर चढवत. चामडं तेल पिऊन धरून ठेवतं, म्हणून शाफ्ट थोडा चरे पडलेला असला तरी सीलची कड लगेच कोरडी पडत नाही.

माझ्या वडिलांच्या जुन्या जीपच्या टायरॉड एंडचे (स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याचे) रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवणारी कव्हरं, मी दोन वर्षांत तीनदा बदलले. नवे बूट हाताला मऊ लागायचे, पण काही महिन्यांत ताणलेल्या घडीवर बारीक भेगा पडायच्या. मग ग्रीस बाहेर, धूळ आत. शेवटी मी कागदावर माप काढून मऊ क्रोम चामडं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) कापलं, मेणाच्या दोऱ्यानं जागेवरच शिवलं आणि आत ग्रीस भरलं. शिवून बसवायचं असल्यामुळे जॉइंट खोलावाच लागला नाही. दोन्ही बाजू झाल्यावर दादा आला. चार माणसांसमोर "गाडी आहे का चप्पल?" म्हणाला आणि उजवीकडचं काढून नवं रबर चढवलं. डावीकडचं मी काढू दिलं नाही.

वर्षभरानं दोन्ही खोलले. उजवीकडे रबर फाटलेलं, ग्रीसमध्ये रेती, जॉइंटला खेळ आलेला. डावीकडचं चामडं काळं पडलेलं, पण मऊ, आणि आतलं ग्रीस स्वच्छ.

तुम्ही सीलबद्दलही विचारलंय. मुळात जिथे चामड्याचं सील होतं आणि शाफ्ट सावकाश फिरतो, तिथेच बसवा. आधी कोमट तेलात भिजवून घ्या, कोरडं बसवलंत तर कड करपेल. इंजिनाजवळच्या गरम जागी नको, तिथे चामडं आकसून कडक होतं. जोरात फिरणाऱ्या एक्सलच्या जॉइंटवर शिवलेलं बूट नको, ग्रीस शिवणीतून उडतं. ब्रेकच्या सिलिंडरात तर कधीच नको. पाण्यात भिजलेलं चामडं तसंच ठेवलं तर कुजतं, हेही खरं.

दादा अजून म्हणतो, चामड्याला देखभाल जास्त. ओलं झालं की वाळवायचं आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, एवढीच ती देखभाल. दर काही महिन्यांनी जॉइंट खोलून रबर बदलायचं, ती देखभाल नाही का?