एम.एस्सी. कर नाहीतर नको करू, पण स्लिप कुणाची ते आधी बघ

प्रिय पोरी,

तुझा एवढा मोठा मेसेज वाचला, औषधाच्या कारखान्यातलं बोलावणं घ्यायचं की एम.एस्सी. करायची. आधी वाईट वाटलं, मग राग आला. तुझ्यावर नाही गं, त्या प्रश्नावर. "काका, एम.एस्सी. केली तर पक्की नोकरी लागेल ना?" बी.एस्सी.ला ॲडमिशन घेताना पण तू हेच विचारलं होतंस, फक्त तेव्हा माझ्या आधी तुझ्या बाबांनीच उत्तर दिलं म्हणून मी गप्प राहिलो. आता नाही राहणार.

माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचा एक कारखाना, तिथलं मस्टर म्हणजे हजेरीपट, गेटपास, ओव्हरटाइम, रजा, पगारपत्रक. त्या खुर्चीवरून माणूस किती शिकलाय ते दिसतच नाही, तो कुठल्या मस्टरवर आहे तेवढंच दिसतं. कंपनीच्या मस्टरवर दहावी नापास ऑपरेटर होते, त्यांनी सिडकोत घरं घेतली, पोरींची लग्नं लावली, रिटायर होताना हार घालून घरी गेले. आणि ठेकेदाराच्या मस्टरवर डिप्लोमा, बी.ई. झालेली पोरं होती जी बजाजनगरात एका खोलीत चौघं-पाचजण राहायची आणि सात-आठ महिने झाले की 'ब्रेक'वर गावी जायची. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे बरं का. वर्षात २४० दिवस सलग भरले की कामगार कायम करा म्हणून हक्क सांगू शकायचा, म्हणून २४० भरायच्या आत त्याला घरी धाडायचं आणि थोड्या दिवसांनी नवा नंबर देऊन परत आत घ्यायचं. माणूस तोच, मशीन तेच, नंबर नवा. मुद्दाम वर्षानुवर्षं टेंपररी ठेवणं आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलं आहे, पण तो कायदा घेऊन लेबर कोर्टात जायला पोटात भाकर लागते.

म्हणून सांगतो, आणि तू कंटाळलीस तरी सांगणार आहे, पगाराची स्लिप कुणाच्या नावाने निघते ते आधी बघ. डिग्री कुठली, टक्के किती, कॉलेजला नॅकची ग्रेड किती, हे सगळं त्याच्यानंतर.

तू तो बेरोजगारीचा फॉरवर्ड पाठवलास ना, तो आकडा खरा आहे. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला आहे, २०२२ सालचा हिशोब, पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात फक्त ३.४. खाली कोणीतरी हसायचे इमोजी टाकून लिहिलंय, बघा शिकून काय मिळालं. अरे पण न शिकलेल्याला घरी बसणं परवडतच नाही ना, तो सकाळी नाक्यावर जाऊन उभा राहतो, मिळेल ते काम करतो, आणि मोजणीत कामावर धरला जातो. पदवीवाला थांबतो कारण थांबायला बाप पोसतोय. म्हणजे त्या २९ टक्क्यांत बरंचसं थांबणंच मोजलंय. आणि एम.एस्सी.ची दोन वर्षं ही आपल्याकडे अर्ध्या पोरांसाठी थांबण्याचीच सोय असते, फक्त कोणी विचारलं तर सांगायला बरं, 'शिकतोय'. तू त्यातली आहेस का ते तूच ठरव, मला उत्तर नको देऊ.

आता तुझी मैत्रीण, जी पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसलीये. २०२३ ला तलाठी भरती निघाली, जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर. २०२४ ला पोलीस भरती, १७,४७१ जागा आणि अर्ज साडेसतरा लाखांहून जास्त, त्यात इंजिनिअर, एमबीए सगळे. लोक म्हणतात पोरांना सरकारी नोकरीचं वेड लागलंय. वेड नाही, त्यांना स्लिपचं कळलंय. फक्त त्या रांगेत वय निघून जातं, त्यामुळे बसायचंच असेल तर कुठल्या वर्षी उठायचं ते बसायच्या आधी कागदावर लिहून घरात चिकटव. आणि सरकारी म्हटलं म्हणजे सगळं पक्कं असंही समजू नको. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींकडून सरकारी कामाला कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर निघाला होता, बोंबाबोंब झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये रद्द केला. दुसऱ्या वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आलं, पदवीधराला महिना दहा हजार, सहा महिने, मग अजून पाच महिने वाढवले, आणि ती मुदत संपली तेव्हा तीच पोरं आंदोलनाला बसली की आम्हाला कायम करा. ऑर्डरवर प्रशिक्षणार्थी लिहिलं होतं गं. वाचलं नव्हतं का कोणी?

बाबा बी.एड. म्हणतायत त्याबद्दल जास्त लिहीत नाही, भांडण होईल. एवढंच विचार त्यांना की टीईटी, टेट या परीक्षा, भरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं पार करून जो लागतो तोही पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षणसेवक असतो, आणि २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना सहा हजार मिळायचे हे त्यांना माहिती आहे का. आता सोळा केलेत.

माझा धाकटा भाऊ तुला आठवत असेल, चष्मेवाला, लग्नात कविता म्हणणारा. एम.ए. झाला, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झाला, घरात आमच्या केवढा आनंद. मग एका कॉलेजात सीएचबीवर लागला. तासाप्रमाणे पैसे, उन्हाळ्यात तास नाही म्हणून पैसे नाही, दरवर्षी नवा इंटरव्ह्यू, जिथे समोर बसलेले तिघंही त्याला नावाने ओळखायचे. वर्गात सर, पगारपत्रकावर कोणीच नाही. कायम जागा निघाली तेव्हा संस्थेने पैशांचा जो आकडा सांगितला तो आमचं शेत विकूनही भरत नव्हता. मी दर दिवाळीला त्याला म्हणायचो, तुझं नाव कुठल्या मस्टरवर आहे ते सांग मला, आणि तो चिडायचा, दादा तुझ्या डोक्यात फक्त मस्टर आहे, मी शिकवतो, विद्यार्थी मला ओळखतात. ओळखतात खरंच, रस्त्यात अजून पाया पडतात. पन्नाशीला आला आता आणि दहावीच्या शिकवण्या घेतो. त्याच्याएवढा हुशार आमच्या घराण्यात कोणी नाही, आणि हे लिहिताना पण मला त्याचा राग येतो, काय करू.

तू म्हणशील काका, तुमचा जमाना गेला, आता पर्मनंट असं काही राहिलंच नाही. माझा पुतण्या आयटीत आहे, तो पण हेच ऐकवतो, हसून. मग ऐक. आमच्याच कारखान्यात मंदी आली आणि व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती लावली, त्यात मी पण बाहेर पडलो. म्हणजे पर्मनंट असूनही गेलोच की. पण जाताना ग्रॅच्युइटी, पीएफ, व्हीआरएसची रक्कम, सगळं हिशोबाने मोजून दिलं, सही घेतली, चहा पाजला. त्याच महिन्यात ठेकेदाराच्या पोरांना गेटवर सिक्युरिटीवाल्याने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मला काढायला कंपनीला पैसे मोजावे लागले, त्यांना काढायला काहीच नाही. पक्की नोकरी म्हणजे माझ्या हिशोबाने एवढंच, तुला काढणं समोरच्याला किती महाग पडतं.

त्याआधी शेंद्र्याला एका ठेकेदार कंपनीने मला सुपरवायझर म्हणून दीडपट पगारावर बोलावलं होतं. नाही गेलो. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, भावजी कारकून म्हणून जन्मले आणि कारकूनच राहणार. राहिलो. कार आली नाही दारात, पण हडकोतलं घर माझं आहे आणि त्याच्यावर कर्ज नाही. मेहुण्याचं काय झालं ते इथे लिहिणं बरं दिसणार नाही, तुझी मामी वाचेल.

तर तुझं. तुला क्यूसीत, म्हणजे औषधं तपासायच्या लॅबमध्ये, ट्रेनी म्हणून आलेलं बोलावणं मी वाईट म्हणत नाहीये, उलट तुझ्या डिग्रीला खरी किंमत तिथेच आहे. औषधाच्या कारखान्यात टेस्टिंगच्या रिपोर्टवर कोणीही सही करू शकत नाही, एफडीएने, म्हणजे सरकारच्या औषध प्रशासनाने, मान्यता दिलेला केमिस्ट लागतो, त्यासाठी केमिस्ट्रीची डिग्री आणि त्यावर अनुभव लागतो, आणि ती मान्यता माणसाच्या नावावर असते. जाहिराती बघ, 'एफडीए ॲप्रूव्ह्ड केमिस्ट पाहिजे' असं स्पष्ट लिहितात. फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन, इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं लायसन्स, बॉयलरवाल्याचं सर्टिफिकेट, सेफ्टी ऑफिसरचा डिप्लोमा, जिथे कायदाच म्हणतो की असा शिकलेला माणूस ठेवलाच पाहिजे तिथे डिग्री पोटाला लागते. बाकी ठिकाणी ती गेटच्या आत सोडते आणि मग तिला कोणी विचारत नाही.

पण ते बोलावणं 'थर्ड पार्टी पेरोल'वर, म्हणजे काम कंपनीत आणि पगार एजन्सीचा, असं आहे असं तूच शेवटच्या ओळीत लिहिलंयस, एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये मुद्द्याची ओळ शेवटी! अगं तीच तर आधी लिहायची. जा, पण विचारून जा. अपॉइंटमेंट लेटर कंपनीच्या लेटरहेडवर की एजन्सीच्या? अनुभवाचं सर्टिफिकेट कोण देणार, कारण उद्या मान्यतेसाठी लॅबमधला अनुभव दाखवायचाय, एजन्सीच्या ऑफिसातला नाही. मागच्या बॅचमधली किती पोरं ऑन रोल, म्हणजे कंपनीच्या मस्टरवर घेतली, हे एचआरला नको विचारू, कॅन्टीनमध्ये विचार. एचपीएलसीवर, म्हणजे औषध तपासायच्या मशीनवर, बसवणार की वर्षभर काचेची भांडी धुवायला लावणार? अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर तसं लेखी घे, १९६१ चा कायदा आहे, त्यात तू शिकाऊ असतेस, कामगार नाही, पीएफ कापत नाहीत, आणि नंतर ठेवून घ्यायचं कुणावर बंधन नाही. फिक्स्ड टर्म, म्हणजे ठरावीक मुदतीची नेमणूक, म्हणाले तर तेही नीट बघ, नवीन लेबर कोड नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, पूर्वी पाच वर्षं लागायची. आणि पीएफ कापत असतील तर पहिला पगार झाला की यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, ॲक्टिव्हेट करून पासबुक उघड, त्यात आस्थापनेचं नाव येतं. तिथे जे नाव असेल तो तुझा मालक. टी-शर्टवर कुठल्या कंपनीचा लोगो आहे ते सोड.

एक वर्ष दे. वर्षात ऑन रोल नाही झालीस आणि एचपीएलसीला हात नाही लागला तर सोड, तेव्हा एम.एस्सी.चा विचार कर, ॲनॅलिटिकल केमिस्ट्री घे, ऑरगॅनिकच्या मागे सगळे धावतात म्हणून तू नको धावू. लॅबमध्ये काय येत नाही ते तेव्हा तुला माहिती असेल, आज माहिती नाहीये, आज तू फक्त घाबरून ॲडमिशन घेणार.

पगार कमी आहे म्हणून रडू नको माझ्याकडे. पगार कमी असतोच. स्लिप कुणाची ते सांग.

रविवारी ये घरी, लेटरची प्रिंट काढून आण, मोबाईलवर मला ते बारीक अक्षर दिसत नाही आणि सगळी गंमत बारीक अक्षरातच असते. काकूने भरली वांगी करायचं कबूल केलंय. बाबांना पण आण, त्यांना म्हणावं बी.एड.चं माहितीपत्रक घेऊन या, मी पण तयारीत बसलोय.

तुझा,
काका