आठवण पुसट होत जाते, हे फोटोत कसं दाखवता येईल?

तुम्ही लिहिलंय की फोटो संगणकावर धूसर करून पाहिला, पण तो नुसता बिघडल्यासारखा वाटतो. माझंही तेच झालं होतं. धूसर केलेला फोटो उद्याही तेवढाच धूसर असतो. आठवण अशी एका जागी थांबत नाही.

हळदीचा अँथोटाइप, म्हणजे वनस्पतीच्या रंगावर उन्हाने उमटवलेला फोटो, करून पाहा. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात उडून जातो, हे घरोघरी ठाऊक आहे. सगळं तंत्र त्यातच आलं. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळायची आणि अंधाऱ्या खोलीत जाड कागदावर तिचे दोन हात द्यायचे. कागद वाळला की त्यावर पारदर्शक फिल्मवर छापलेला फोटो ठेवून वर काच दाबायची. निगेटिव्ह नको, पॉझिटिव्हच हवा, कारण ऊन लागेल तो भाग फिका पडतो. एप्रिलच्या उन्हात मला दोन-तीन तास पुरतात. मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवला की उरलेली हळद लालसर तपकिरी होते. हळदीचं कुंकू करतानाही टाकणखार लागतो, ते उगाच नाही.

वनस्पतींच्या रंगांवरचे असे प्रयोग इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली मांडले. फोटो पक्का करणारा हायपोही त्यांनीच दाखवून दिला होता. पण तो चांदीच्या क्षारांवर उमटवलेल्या फोटोंसाठी. अँथोटाइप पक्का करायला काहीच नाही. ज्या उजेडात आपण तो बघतो, तोच उजेड त्याला खातो.

मला यातलं हेच मोलाचं वाटतं. मेंदूचा अभ्यास करणारे करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण जागवली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते, मेंदूला ती नव्याने साठवावी लागते. तेवढ्यात अडथळा आणला तर ती टिकत नाही. म्हणजे आठवणीलाही बघण्याची किंमत मोजावी लागते.

मी आजीचा फोटो असा केला. गालांवरच्या सुरकुत्या आधी गेल्या, लुगड्याचा गडद काठ अजून आहे. फोटो काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवतो आणि दिवाळीला सगळे जमलो की काढतो. गेल्या खेपेला आत्याने विचारलं, "आईच्या कपाळावर गोंदण होतं ना रे?" फोटोत ते आता दिसत नाही. आम्हा तिघांना ते तीन वेगळ्या जागी आठवत होतं.