क्लॅटमध्ये वेळ कुठं जातो?

छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांच्या कोर्सला जायचं तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 120 मिनिटं, 120 प्रश्न. बीड-परभणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांचा वेळ इंग्रजी उतारे वाचण्यातच जातो. एकेक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत असतो. ओठ हलवत वाचू नकोस, आणि दर ओळीला मागं जाऊ नकोस. रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाच, पेपर मिट, आणि लेखकाचं म्हणणं एका वाक्यात मराठीत लिही. वाक्य जमत नसेल तोवर वेगाची घाई नको.

कायद्याच्या उताऱ्यात दिलेलाच नियम लाव. तुला काय न्याय्य वाटतं ते तिथं विचारलेलं नसतं. हुशार मुलंही इथंच चुकतात.

चुकीला पाव गुण कापला जातो. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले तर उत्तर जरूर दे. गणित दहावीपर्यंतचंच असतं, ते सोडू नकोस.

उत्तरपत्रिकेवरचे गोळे प्रत्येक उताऱ्यानंतर लगेच भर. शेवटी एकदम भरायला घेतले की एक ओळ सरकते आणि पुढची सगळी उत्तरं चुकतात. सराव पेपरही छापील घेऊन दुपारी 2 ते 4 या परीक्षेच्याच वेळेत सोडव.