अकादेमी, अकादमी की अकॅडमी?

प्रश्न असा आला आहे: 'साहित्य अकादेमी', 'पोलीस अकादमी' आणि चौकातली 'करिअर अकॅडमी' हा एकच शब्द आहे का? असेल तर बरोबर रूप कोणतं? आणि पोलीसभरतीसाठी पोरांना पळवणाऱ्या क्लासनं थेट प्लेटोच्या शाळेचं नाव लावावं, हा शब्दाचा अपमान नाही का?

आधी अपमानाचं बोलू. तो मुळीच नाही. भरतीवाल्यांकडे निदान मैदान तरी असतं, आणि मूळ अकादमी हे मैदानच होतं.

अथेन्सच्या तटाबाहेर, वेशीपासून दीडेक किलोमीटरवर, अथीना देवीच्या ऑलिव्हच्या झाडांची राई होती. अकादेमोस (जुनं रूप हेकादेमोस) नावाच्या पुराणातल्या वीरावरून तिला 'अकादेमेइया' म्हणत. जुना ग्रीक चरित्रकार प्लुटार्क यानं त्याची कथा दिली आहे. अथेन्सचा पुराणातला राजा थीसिअस यानं स्पार्टाच्या हेलनला पळवून लपवून ठेवलं, तिचे जुळे भाऊ स्पार्टाहून तिला शोधत आले, आणि तिचा ठावठिकाणा सांगितला तो या अकादेमोसनं. त्या उपकाराला जागून स्पार्टाच्या फौजांनी पुढे आसपासचा मुलूख उजाड केला तेव्हाही ही राई सोडली म्हणे. म्हणजे अथेन्सच्या बाजूनं पाहिलं तर हा चक्क फितूर. आज जगभरच्या विद्वत्सभा त्याचं नाव मिरवतात, ते सोडा!

पुढे इ.स.पू. पाचव्या शतकात किमोन या सेनापतीनं या कोरड्या जागेत पाणी खेळवलं, सावलीच्या वाटा केल्या आणि धावपट्ट्या आखल्या. प्लेटो तिथे शिकवू लागला तो इ.स.पू. 387 च्या सुमारास, म्हणजे व्यायामाची जागा तयार होऊन गेल्यावर. अ‍ॅरिस्टॉटल तिथे वीस वर्षं होता. नंतर त्यानं स्वतःची शाळा काढली ती लायसियममध्ये, तीही व्यायामशाळाच. तिसरी किनोसार्गेस, तिच्याशी सिनिक पंथाचं नाव जोडलं जातं. व्यायामशाळेला ग्रीक शब्द 'गिम्नासिऑन'. जर्मनीत 'गिम्नाझिउम' म्हणजे माध्यमिक शाळा, आपल्याकडे 'जिम' म्हणजे डंबेल्स.

मराठीत याच्या अगदी उलटा प्रवास झालेला आहे. 'तालीम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिकवणं, शिक्षण. मराठीत तो आला आणि लाल मातीत उतरला. कोल्हापुरात तालीम म्हटलं की कुणाला पुस्तक आठवत नाही. (नाटकाच्या तालमीत मूळ अर्थ थोडा उरला आहे.) ग्रीकांची तालीम शाळा झाली, अरबांची शाळा आपल्याकडे तालीम झाली. 'आखाडा' तर दोन्हीकडे आहे: पैलवानांचाही, साधूंचाही.

प्लेटोची शाळा नऊशे वर्षं अखंड चालली आणि इ.स. 529 मध्ये सम्राट जस्टिनियननं ती बंद पाडली, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. ते तसं नाही. इ.स.पू. 86 मध्ये रोमन सेनापती सुल्लानं अथेन्सला वेढा घातला तेव्हा वेढ्याच्या यंत्रांसाठी ही राईच तोडली, आणि शाळेची परंपरा त्याच सुमाराला तुटली. काही वर्षांनी रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो मित्रांबरोबर तिथे फिरायला गेला. दुपारची वेळ मुद्दाम निवडली, कारण तेव्हा तिथे गर्दी नसते. 529 मध्ये मिटली ती कित्येक शतकांनंतर अथेन्समध्ये नव्यानं उभी राहिलेली, स्वतःला प्लेटोची वारस मानणारी शाळा.

शब्द मात्र टिकला. सिसेरोनं आपल्या बागबंगल्यातल्या एका भागालाच 'अकादेमिया' नाव दिलं होतं. पुढे इटलीत विद्वानांच्या मंडळांनी ते उचललं. फ्लोरेन्सच्या क्रुस्का अकादमीनं 1612 मध्ये इटालियनचा शब्दकोश काढला, 1635 मध्ये फ्रान्सचा मुख्य मंत्री रिशल्यू याच्या आश्रयानं फ्रेंच अकादमी आली, आणि भाषा-साहित्याची राखण करणारी संस्था हा अर्थ पक्का झाला. आपली 1954 ची साहित्य अकादेमी या घराण्यातली. पोलीस आणि लष्कराच्या अकादम्या प्रशिक्षणाच्या अर्थाच्या. कोचिंग क्लास त्यांचाच धाकटा भाऊ.

आता लेखन. ग्रीक उच्चारात दंत्य 'द' आहे आणि त्यापुढचा 'ए' दीर्घ, म्हणून 'अकादेमी' मुळाला सर्वांत जवळ. साहित्य अकादेमी रोमन लिपीतही सी न लिहिता के लिहिते. 'अकादमी' हे बोलताना 'दे' झिजून झालेलं रूप, आणि मराठीत तेच रुळलं आहे. 'अकॅडमी' इंग्रजीतून कानावाटे आली, 'ड' तिथलाच. तिन्ही चालतात. विशेषनामात मात्र संस्था लिहिते तसंच लिहावं: नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी, गोव्याची कला अकादमी, पण गोंय कोंकणी अकादेमी. खडकवासल्याला आपण 'राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी' म्हणतो. छान शब्द आहे, पण सगळीकडे बसत नाही. 'क्रिकेट प्रबोधिनी' म्हणून पाहा.

याच प्रश्नात एक पुरवणी होती: 'ही चर्चा अकादमिक आहे' याचा अर्थ 'निरुपयोगी' असा का होतो? ही छटा आपण इंग्रजीतून घेतली, पण नाक मुरडणं फार जुनं. इ.स.पू. 155 मध्ये अकादमीचा प्रमुख कार्नेआदीस अथेन्सचा राजदूत म्हणून रोमला गेला. तोवर अकादमी संशयवादाकडे वळली होती. कोणत्याही मताच्या दोन्ही बाजू मांडून दाखवणं हा तिचा हातखंडा. त्यानं एक दिवस न्यायाच्या बाजूनं व्याख्यान दिलं आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच जोरात विरुद्ध. तरुण पोरं खूश. जुन्या वळणाच्या म्हाताऱ्या कॅटोनं मात्र सिनेटला, म्हणजे रोमच्या राज्यसभेला, सांगितलं, यांचं काय काम आहे ते लवकर उरका आणि यांना परत पाठवा.