लिनक्सवर मराठी फॉन्ट बसवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयातील जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स मिंट घातले आहे. वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिका, सूचनाफलकावरचे कागद सारे त्यावरच तयार होते. मात्र मूळ संचात आलेल्या एक-दोन देवनागरी फॉन्टांवर आमचे भागत नाही. ‘मुक्ता’ हा फॉन्ट डाउनलोड केला, तर एक झिप फाइल हाती आली. ती कोठे ठेवायची? विंडोजसारखा फॉन्टांचा फोल्डर इकडे सापडत नाही. विंडोजमधील ‘मंगल’ इकडे आणला तर चालेल का?

उत्तर : बाहेरून काही डाउनलोड करण्याआधी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकदा शोध घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू. डेबियन, उबुंटू आणि मिंट या एकाच कुळातील प्रणालींच्या भांडारात देवनागरीसाठी ‘लोहित’, ‘नोटो’ यांसारखे फॉन्ट तयार पॅकेजच्या रूपात असतात. तेथून घेतलेला फॉन्ट योग्य जागी आपोआप बसतो, संगणकावरच्या प्रत्येक खात्याला दिसतो आणि प्रणालीबरोबर अद्ययावतही होत राहतो.

भांडारात न सापडणारा फॉन्ट मात्र हाताने बसवावा लागतो. झिप फाइल उघडली की आत टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारच्या फायली दिसतील. ‘मुक्ता’ सात वजनांत म्हणजे अक्षरांच्या सात जाडींत आहे, म्हणून त्याच्या सात फायली असतात. नेहमीच्या कामाला साधा आणि ठळक एवढे दोन पुरतात. (त्यात तिरपे वळण नाही आणि आमच्या मते ते हवेही नाही; वर्ड प्रोसेसर अक्षरे नुसती कलती करून दाखवतो, त्यात देवनागरीची शिरोरेषा आणि काना यांचा तोल बिघडतो. ठसवायचा मजकूर ठळक करावा.) फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर फॉन्टचा नमुना उघडतो आणि तेथेच इन्स्टॉलचे बटण असते. ते दाबल्यावर फाइल आपल्या होम फोल्डरमधील एका लपलेल्या फोल्डरात जाते. त्याचे नाव ‘लोकल’ असून आधी टिंब आहे. त्याच्या आत ‘शेअर’ आणि त्याच्या आत ‘फॉन्ट्स’. होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की लपलेले फोल्डर दिसू लागतात. विंडोजसारखा फोल्डर सापडत नाही असे आपल्याला वाटले, त्याचे कारण हे आरंभीचे टिंब आहे.

वाचनालयात मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. वर सांगितलेल्या रीतीने बसवलेला फॉन्ट फक्त त्याच खात्याला दिसतो. ग्रंथपालांचे आणि लिपिकांचे खाते वेगळे असेल, तर प्रशासकाचा पासवर्ड वापरून फायली ‘यूएसआर’च्या आतील ‘लोकल’, त्याच्या आतील ‘शेअर’ आणि त्याच्या आतील ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात ठेवाव्यात. ‘यूएसआर’मध्ये थेट ‘शेअर’च्या आतही ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर आहे. तो पॅकेज व्यवस्थेचा असल्याने त्यात हाताने भर घालू नये. फायली ठेवल्यावर त्यांच्या परवानग्या तपासाव्यात, कारण इतर खात्यांना वाचण्याची परवानगी नसली तर फॉन्ट योग्य जागी असूनही यादीत येत नाही आणि दोष कोठे आहे हे लवकर कळत नाही. शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, फॉन्टांची यादी ताजी करणारी ‘एफसी-कॅश’ (fc-cache) ही आज्ञा द्यावी आणि उघडे असलेले लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावे.

‘मंगल’विषयी : तो फॉन्ट विंडोजच्या परवान्याबरोबर येतो, म्हणून दुसऱ्या प्रणालीवर त्याची नक्कल करणे योग्य नाही. लिनक्ससाठी मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टांचे जे पॅकेज मिळते त्यात एरियल, टाइम्स न्यू रोमन असे फॉन्ट आहेत, पण ‘मंगल’ नाही. आलेल्या फायलींत ‘मंगल’ नमूद असेल, तर लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये फॉन्ट्स या विभागात बदली फॉन्टांचा तक्ता आहे. तेथे ‘मंगल’च्या जागी ‘नोटो सान्स देवनागरी’ नेमून द्यावा. अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने ओळी आणि पाने थोडी सरकतील, तेव्हा छपाईपूर्वी एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : नवा फॉन्ट यादीत दिसतो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये परिच्छेदाच्या शैलीत तो निवडलाही, तरी मराठी मजकूर जुन्याच वळणात राहतो. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी पुस्तकांसारखी उमटतात. आमच्या शाळेच्या हस्तपुस्तिकेत हे चालणार नाही.

उत्तर : दोन्ही तक्रारी रास्त आहेत, पण फॉन्ट बसवण्यात आपली काही चूक झालेली नाही. लिब्रेऑफिस रोमन लिपी आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्या यांचे फॉन्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. शैलीच्या खिडकीत एक विभाग पाश्चात्त्य मजकुराचा असतो आणि ‘सीटीएल’ म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या नावाचा विभाग वेगळा असतो. आपण पाश्चात्त्य विभागात फॉन्ट बदलला असणार. मराठीसाठी तो सीटीएल विभागात बदलावा लागतो. हा विभाग दिसतच नसेल, तर ऑप्शन्समधील भाषांच्या पानावर सीटीएलची खूण करावी आणि तेथेच मूळ भाषा म्हणून मराठी निवडावी.

या भाषेच्या निवडीतच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे ठरवून दिली आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, मात्र हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांना वेगळे क्रमांक नाहीत. अक्षर एकच असते, आणि त्याचे कोणते वळण दाखवायचे हे फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. अर्थात त्या फॉन्टमध्ये ही सोय केलेली असली पाहिजे. ‘नोटो सान्स देवनागरी’मध्ये ती आहे. ‘लाल शाल’ एवढे दोन शब्द त्या फॉन्टमध्ये टाइप करावेत, ते निवडावेत आणि खिडकीच्या तळाच्या पट्टीवर भाषेचे नाव दिसते तेथे क्लिक करून आधी हिंदी व मग मराठी करून पाहावे. एकही अक्षर पुन्हा टाइप न करता ‘ल’ आणि ‘श’ डोळ्यांदेखत बदलतील. भाषा नेमण्याचा व्याप नको असेल, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट मराठी वळणांसाठीच घडवलेला आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तिकेत ही वळणे अचूक असावीत हा आपला आग्रह आम्हाला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेच्या फायली उघडल्या, तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते. देवनागरीचे चार फॉन्ट बसवले, तरी उपयोग झाला नाही.

उत्तर : आणखी चाळीस बसवले तरी होणार नाही. त्या काळच्या डीटीपीच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरे साठवलेली आहेत. ती वाचता येण्यासाठी नेमका तोच जुना फॉन्ट हवा. हाती असलेला फॉन्ट कोणत्या जातीचा आहे हे लिनक्सवर सहज तपासता येते. टर्मिनलमध्ये ‘एफसी-लिस्ट’ ही आज्ञा लिहावी, एक जागा सोडून कोलन द्यावा, त्याला जोडून ‘लँग’, बरोबरचे चिन्ह आणि मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहावीत. सारे छोट्या रोमन लिपीत. जे फॉन्ट युनिकोडमधील मराठी अक्षरे पुरवतात तेवढेच यादीत येतील. बसवलेला असूनही जो यादीत नाही, तो बहुधा जुन्या जातीचा समजावा.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच टिकाऊ मार्ग आहे आणि जुन्या फॉन्टनुसार त्याचे वेगवेगळे परिवर्तक मिळतात. रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नये. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होत असे. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. त्यामुळे ‘निर्मिती’, ‘वर्षी’, ‘मूर्ती’ अशा शब्दांत चूक राहते, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा ‘र’ तर हमखास रफार होऊन बसतो. मूळ फायली जपून ठेवाव्यात. पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या फायली लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडतात. मांडणी जशीच्या तशी येईल असे नाही, परंतु मजकूर काढून घेता येतो.

प्रश्न : स्क्रायबस या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चांगला युनिकोड फॉन्ट निवडूनही जोडाक्षरे तुटतात.

उत्तर : आपली स्क्रायबस आवृत्ती १.४ मालिकेतील असावी. तिला देवनागरीची जोडणी येत नव्हती. १.६ ही आवृत्ती घ्यावी. स्क्रायबस सुरू होताना फॉन्टांची यादी वाचते, म्हणून फॉन्ट आधी बसवून मग स्क्रायबस उघडावे, आणि छापखान्याला पीडीएफ देताना फॉन्ट त्यातच अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडावा.