वृत्त चुकलं की मोजणी?

सोलापूरच्या एका ताईंनी हिप्परग्याच्या तलावावर कविता लिहिली आणि विचारलं, "पहिल्या ओळीत 20 अक्षरं, दुसरीत 19. मात्रा मोजल्या तर 31 आणि 33. म्हणजे वृत्त चुकलं ना?" त्या ओळी अशा:

तळ्यावरी हा वारा फिरतो, कणसांवरुनी थेंब झरे
शुभ्र थव्यांची पहाटवेळी पुन्हा नव्याने साद भरे

ताई, काही चुकलेलं नाही. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप: लघु (ऱ्हस्व) अक्षराची एक, गुरू (दीर्घ) अक्षराच्या दोन. अक्षरांची संख्या आणि लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो तो अक्षरगणवृत्तात. भुजंगप्रयात वृत्तात य गण (लघु-गुरू-गुरू अशी तीन अक्षरं) चार वेळा, म्हणजे बारा अक्षरं. मनाचे श्लोक त्यातच आहेत. तुमची रचना मात्रावृत्ताची, जुन्या शब्दात 'जाती'. तिथे मात्रांचा हिशोब जुळला की अक्षरं कमीजास्त चालतात. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या गात; आर्या ही जातीच.

मग 31 आणि 33 कुठून आले? जोडाक्षरामागचं अक्षर गुरू, हे तुम्ही सगळीकडे लावलंत. मराठीत अट आहे: त्या अक्षरावर आघात यायला हवा. 'शुभ्र' मोठ्याने म्हणा. जीभ 'शुब्-भ्र' अशी थबकते, म्हणून 'शु' गुरू. आता 'पुन्हा' म्हणा. 'पु' झटकन सुटतो, 'न्हा' एका दमात येतो. 'पु' लघुच. 'तळ्या'तला 'त', 'थव्यां'मधला 'थ', 'नव्याने'तला 'न' यांचंही तसंच. एकाच ओळीत 'शुभ्र' आणि 'थव्यांची' शेजारी आलेत, म्हणून हा फरक तिथे फार छान ऐकू येतो. मला वाटतं, व्याकरणाच्या तासाला हा नियम नुसता फळ्यावर लिहू नये, मुलांकडून म्हणवून घ्यावा.

आता पुन्हा मोजा. पहिल्या ओळीत 'तळ्यावरी हा' 8, 'वारा फिरतो' 8, 'कणसांवरुनी' 8, 'थेंब झरे' 6. दुसरीतही तेच. दोन्हीकडे 30.

यमकही नीट आहे: नुसता 'रे' जुळलेला नाही, 'झरे-भरे'त त्याआधीचा अ-कारही जुळतो.

शंका उरली तर टाळीवर म्हणून पाहा, दर आठ मात्रांना एक टाळी. शेवटच्या सहा मात्रांनंतर दोन मात्रांची जागा मोकळी राहील. श्वास तिथे घ्यायचा.