हँड-फूट-माउथ होऊन गेल्यावर मुलाची नखं का सुटतात?

तुमचा प्रश्न असा: तीन वर्षांच्या मुलाला पाच आठवड्यांपूर्वी हँड-फूट-माउथ (हात, पाय आणि तोंडात फोड आणणारा विषाणूचा आजार) झाला, फोड सुकले, आणि आता चार नखं मुळाकडून सुटून वर आली आहेत. कॅल्शियम द्यावं की बुरशीचं मलम लावावं?

दोन्ही नको. हा त्याच विषाणूचा उशिरा दिसणारा परिणाम आहे. कॉक्सॅकी ए6 या विषाणू-प्रकारात तो जास्त दिसतो. आजाराच्या दिवसांत नखाच्या मुळातली वाढ काही काळ थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. मूळ कातडीखाली असल्यामुळे ती खंडित जागा बाहेर यायला वेळ लागतो. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणून 3 ते 8 आठवड्यांनी आधी आडवी खाच दिसते. वाढ पूर्ण थांबली असेल, तर खालून आलेलं नवं नख जुन्याला ढकलून देतं. पायाची नखं हळू वाढतात, त्यामुळे ती महिनाभर मागून सुटली तर नवा आजार समजू नका.

दुखत नसेल तर करायचं एवढंच: मोकळी कड नेलकटरने कापा, उरलेलं ओढू नका. कपड्यात अडकत असेल तर रात्री कागदी चिकटपट्टी लावा. बाजूची कातडी लाल होऊन ठणकली, पू दिसला, तर ते नखुरडं. ते डॉक्टरांना दाखवा. हाताचं नख 4 ते 6 महिन्यांत भरतं, पायाच्या अंगठ्याला वर्षही लागतं. बुरशीत नख बहुधा जाड, पिवळट, भुसभुशीत होतं. एकाच वेळी चार-पाच नखं मुळापासून सुटणं हे तिचं लक्षण नव्हे.

याच ए6 मुळे फोड तळहात-तळपायांपुरते राहत नाहीत. तोंडाभोवती, ढुंगणावर, कोपर-गुडघ्यांवर मोठे पाणफोड येतात आणि घरी ‘कांजिण्या’ असं निदान होऊन जातं. कांजिण्या मात्र बहुधा पोटा-पाठीवर आणि डोक्यात दाट असतात, खूप खाजतात, आणि नवे-जुने फोड एकाच वेळी दिसतात. अंघोळ दोन्हींत चालते, ती बंद करायची चाल निष्कारण आहे.

खरी गफलत पुढे होते. मुलाला आधीपासून एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे येणारा त्वचेचा आजार) असेल तर फोड नेमके त्याच चट्ट्यांवर उठतात. हर्पीस या दुसऱ्या विषाणूचा संसर्गही हुबेहूब असाच दिसतो. पंचने पाडल्यासारखे एकसारखे गोल व्रण, ताप आणि वेदना असतील तर त्याच दिवशी दाखवा. हर्पीसमध्ये असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध उशिरा देऊन चालत नाही. स्टेरॉइडचं मलम मनाने लावू नका.

तळहातांची सालं निघणंही आजारानंतर 1 ते 3 आठवड्यांत नेहमीचं आहे, व्हॅसलीन पुरतं. पण त्याआधी 5 दिवस किंवा जास्त ताप, चिपडं नसलेले लाल डोळे, फुटलेले लाल ओठ असं असेल आणि सालं बोटांच्या टोकांपासून, नखांच्या कडेने निघत असतील, तर कावासाकी आजाराचा (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) विचार हवा. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो, आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) तापाच्या पहिल्या 10 दिवसांत देणं उत्तम. सालं निघेपर्यंत थांबलात तर ती वेळ बहुधा निघून गेलेली असते.

तान्ह्या बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर तापानंतर काळपट डाग आला तर आपल्याकडे चिकुनगुन्या आठवा. डागाला उपचार लागत नाही, काही महिन्यांत तो फिकटतो.

घरात दुसरं लहान मूल असेल तर एक गोष्ट अजून पाळा. हँड-फूट-माउथचा विषाणू शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडतो. शी धुतल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवा, अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही.